अमेरिकेतले 'राजनिष्ठ' पाद्री : बंड, बंडाळी की चळवळ?

प्रश्न : अमेरिकन क्रांतीच्या तोंडावरच्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या) पाद्र्यांवर लिहिते आहे. त्यांना 'इंग्रजधार्जिणे' म्हणावं का? आणि १७७४-७५च्या धामधुमीला त्यांच्या तोंडी 'चळवळ' शोभेल?

उत्तर : 'धार्जिणे' ही शिवी झाली. विरोधक त्यांना 'टोरी' (इंग्लंडातल्या राजपक्षाचं नाव) म्हणून हिणवत, तिथे चालेल. तुमच्या निवेदनात 'राजनिष्ठ'च ठेवा. वसाहतींत दीक्षा देणारा बिशपच नव्हता. दीक्षेसाठी समुद्र ओलांडून इंग्लंड गाठायचं, राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यायची. पुढे दर रविवारी उपासनेत राजासाठी प्रार्थना. गाळली तर शपथ मोडली, म्हटली तर जमाव अंगावर!

'चळवळ' मात्र नकोच. न्यूयॉर्कचा पाद्री सॅम्युअल सीबरी 'वेस्टचेस्टरचा शेतकरी' या नावाआड पत्रकं लिहायचा. त्याचा खरा राग ब्रिटिश मालावरचा बहिष्कार राबवणाऱ्या गावोगावच्या समित्यांवर. त्या घरात शिरून चहाचे डबे, काकवीचे बुधले, बायकामुलींचे परकरसुद्धा तपासतील, म्हणतो. गुलामच व्हायचं तर निदान राजाचा होईन. सिंहाने खाल्लं तर चालेल, उंदीर-घुशींनी कुरतडून मारायला नको. अशा माणसाच्या तोंडी 'पुंडाई' घाला, फार तर 'बेबंदशाही'.

प्रश्न : मग 'बंड' की 'बंडाळी'?

उत्तर : सीबरीला 'बंडाळी', कारण त्याला दिसते ती अंदाधुंदी. मेरीलँडच्या जोनाथन बाउचरला 'बंड'. त्याच्या मते सत्ता देवाकडून येते, प्रजेच्या संमतीतून नाही. म्हणून राजाविरुद्ध उठणं हे आधी पाप, मग गुन्हा. 'राजद्रोह' लिहिलंत तर नुसतं कोर्टाचं कलम उरेल. अप्रतिकार शिकवणारा हा गृहस्थ १७७५ साली व्यासपीठावर दोन भरलेली पिस्तुलं ठेवून प्रवचन करी, ही गंमत सोडू नका. (इंग्लंडला परतल्यावर तो जुन्या, बोलीतल्या शब्दांचा कोश करत बसला. म्हणजे आपल्यासारखाच शब्दवेडा!)

आणखी एक उत्तर : सगळे अँग्लिकन एका माळेत ओवू नका. फिलाडेल्फियाच्या जेकब डुशेने सप्टेंबर १७७४मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेपुढे, म्हणजे तिथल्या काँग्रेसपुढे, प्रार्थना म्हटली. पुढच्या वर्षी गलतीकरांस पत्रातलं 'स्वातंत्र्यात स्थिर राहा' हे वचन घेऊन त्याने प्रवचन केलं. बाउचरने तेच वचन उलटवलं : ही पापापासूनची सुटका, सरकारपासूनची नव्हे. तेव्हा डुशेच्या तोंडी 'स्वातंत्र्य', बाउचरच्या तोंडी 'मुक्ती' ठेवलं तर वाचकाला भांडण कशावरून ते कळेल. डुशेही १७७७मध्ये फिरला आणि सेनापती वॉशिंग्टनला 'स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्यायला लावा' असं पत्र लिहून बसला. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार?