सागवानी बेसच्या नेकला बाक आला आहे: नवा नेक बसवावा की जुनाच सरळ करावा?

खर्जातला (वडोदरा)

नमस्कार. मी गेली बत्तीस वर्षे वडोदऱ्यात नवरात्रीच्या गरब्यांत आणि एरवी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे सात बेस आहेत. तीन मी स्वतः घडवल्या, चार विकत घेऊन गरजेप्रमाणे बदलत नेल्या. पैकी दोघींबद्दल सल्ला हवा आहे.

पहिली सागवानी. १९९६ साली दांडिया बझारातले आमचे जुने घर पाडले, तेव्हा माजघराच्या दाराची चौकट मी मागून घेतली आणि तिच्यातूनच बॉडी व नेक (जिच्यावर तारा दाबतात ती लांब दांडी) दोन्ही काढले. नेक एकसंध आहे, वर वेगळी पट्टी चिकटवलेली नाही. ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणाविरुद्ध नेक सरळ राखणारी आतली धातूची सळई, त्या वेळी मला इथे मिळाला नाही, म्हणून नेक मुद्दाम २६ मिलिमीटर जाड ठेवला. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर धरली आणि पडद्यांची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) अंतरे जुन्या अठराच्या नियमाने आखली: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजायचा, तिथे पडदा बसवायचा, मग पुन्हा उरलेल्या तारेचा अठरावा भाग. वाजवायला घेतल्यावर बाराव्या पडद्यावरचा सूर उतरलेला निघाला. वर्षभर चाचपडल्यानंतर ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) पाव इंच पुढे सरकवला, तेव्हा सूर जुळले. जुन्या स्क्रूंची पाच भोके मी सागाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवली, ती आजही दिसतात.

आता नेकला बाक आला आहे. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली, तर सातव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत १.६ मिलिमीटर फट राहते. वरच्या पडद्यांवर बोटे दुखेपर्यंत दाबावे लागते. एका दुरुस्ती करणाऱ्याने हा नेक काढून मेपलचा तयार नेक बसवावा असे सुचवले. माझ्या मुलीला येत्या नवरात्रीत हीच बेस वाजवायची आहे, त्यामुळे भिंतीवर टांगून ठेवणे हा पर्याय मला नको आहे.

दुसरी बेस फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्यांची. स्वस्तातली साधी बेस घेऊन मी तिचे पडदे उपटले, खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या भरल्या आणि वर एपॉक्सी चढवले. तारांनी त्या एपॉक्सीत चर पाडले आहेत. तिला पुन्हा पडदे बसवून मूळ रूपात आणावे का?

रंधा आणि पटाशी (मकरपुरा, वडोदरा)

आपण सागवानीचे मोजमाप दिलेत, हे फार बरे झाले. काहीही ठरवण्याआधी तारा पूर्ण उतरवून बेस आठ दिवस सपाट टेबलावर ठेवावी आणि नंतर सरळ पट्टी लावून पुन्हा मोजावे. तारा उतरवल्यावर जेवढा बाक निघून जातो, तो ताणाचा. जेवढा उरतो, तो लाकडाने कायमचा धरलेला. चार तारांचा एकत्रित ताण साधारण ८० किलोच्या घरात असतो आणि तो तुमच्या नेकने कोणत्याही आधाराविना इतकी वर्षे सोसला आहे. चौकटीचे जुने, पूर्ण मुरलेले लाकूड नसते, तर तो कधीच गेला असता.

उरलेला बाक एक मिलिमीटरच्या आत असेल, तर मी पाठीमागून ट्रस रॉड घालीन. ही काही नवी युक्ती नाही. फेंडर या गिटार कंपनीची पहिली प्रिसिजन बेस १९५१ साली आली, तिचा मेपलचा नेकही एकसंधच होता. वरून पट्टी नसल्याने रॉड मागून खाच पाडून घातला जाई आणि ती खाच अक्रोडाच्या पट्टीने बंद केली जाई. त्या नेकच्या पाठीवर जी गडद रेघ दिसते, ती हीच. तुम्ही २६ मिलिमीटर जाडी ठेवलीत म्हणून दहा मिलिमीटर खोल खाच पाडूनही पुरेसे लाकूड शिल्लक राहते. बंद करायला शिसमची पट्टी घ्यावी.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. सागात अंगचे तेल असते आणि खाच पाडून दोन दिवस तशीच ठेवली, तर पृष्ठभागावर तेल येऊन चिकट धरत नाही. म्हणून खाच पाडल्याच्या दिवशीच ती थिनरने पुसावी, कोरडी होऊ द्यावी आणि लगेच एपॉक्सीने पट्टी बसवावी. गुजरातेतल्या संखेड्याचे फर्निचर सागाचेच असते, पण तिथे चरकावर कातलेले भाग खुंटी-भोकाने एकमेकांत बसतात. तुमचे काम सगळे चिकटावर अवलंबून आहे. आणि हे काम भर पावसाळ्यात करू नये.

ग्वाल्हेरकर

मेपलचा तयार नेक बसवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते आणि त्याचे कारण निव्वळ आठवणींचे नाही. गणित करून पाहा. अठराच्या नियमाने बारावा पडदा नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) सुमारे ४२८.९ मिलिमीटरवर येतो, खरे तर तो बरोबर मध्यावर, ४३२ वर हवा. म्हणून तुमचा सूर बारा सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आसपास उतरला होता. ब्रिज सहा मिलिमीटर पुढे आणल्याने तारेची लांबी सुमारे ८५७.८ झाली आणि बारावा पडदा पुन्हा मध्यावर आला. मी पाचवा आणि सातवा पडदाही तपासला. तिथे आता जेमतेम एका सेंटचा फरक उरतो, जो कानाला कळत नाही. म्हणजे तुम्ही कानाने जे केलेत, ते अगदी योग्य होते. हा नियम विन्सेंझो गॅलिली, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी १५८१ साली मांडला होता. अचूक भाजक १७.८१७ आहे, आणि सगळा घोळ त्या लहानशा फरकाचा.

तयार नेक ३४ इंचांच्या हिशोबाने आखलेला असतो. तो बसवला, की तुमचा ब्रिज पुन्हा मागे न्यावा लागेल, नवी भोके पडतील आणि जे वाद्य आज सुरात आहे ते मोडून नव्याने जुळवावे लागेल. ते करू नये.

रॉडच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. आधी ताण कमी करून पाहावे. तार तीच ठेवून सगळ्या तारा एका पूर्ण स्वराने उतरवल्या, तर ताण जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. मुलीने त्या स्वरात सराव केला, तर नेक न कापताही भागेल.

फ्रेटलेसबद्दल: पडदे परत बसवू नयेत. रोलिंग स्टोन्सचा बेसवादक बिल वायमन याने १९६१ साली एका स्वस्त बेसचे पडदे काढले, ते नवे बसवण्याच्या विचाराने. पण तो आवाज आवडला म्हणून ती बेस तशीच राहिली. जॅझ बेसवादक जॅको पास्टोरियसची १९६२ची फेंडर जॅझ बेसही पडदे काढून एपॉक्सी चढवलेलीच होती. आमच्या ग्वाल्हेरात सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात सरोद घर हे संग्रहालय आहे. सरोदलाही पडदे नसतात. पोलादी पट्टीवर नखाने मींड घेतली जाते आणि ती पट्टी गुळगुळीत राखणे हे वादकाचे रोजचे काम असते. तुमच्या एपॉक्सीचेही तसेच आहे. चर घासून पृष्ठभाग सपाट करावा, नवा थर द्यावा आणि गुंडाळीच्या खरखरीत तारांऐवजी सपाट गुंडाळीच्या तारा लावाव्यात. फ्रेटलेसच्या स्वराला जो लांबता, किंचित गुणगुणता शेवट असतो, तो तार पट्टीला निसटती लागल्याने येतो, तानपुऱ्याच्या जवारीसारखा. पृष्ठभाग उंचसखल झाला, की तोच आधी हरवतो.

वाइंडिंगवाला (इंदूर)

फक्त एक विनंती. सागवानीचा पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारी चुंबकी गुंडाळी) तुम्ही घरी गुंडाळलेला असेल, तर तो या दुरुस्तीत बदलू नये. आधी मल्टिमीटरने रोध मोजून वहीत लिहून ठेवावा. ती तार केसासारखी बारीक असते, काम करताना एखादे टोक तुटले तर जुन्या आकड्यावरून किती वेढे कमी झाले हे कळते.

खर्जातला (वडोदरा)

सर्वांचे मनापासून आभार. तारा उतरवून आठ दिवसांनी मोजले, तर ०.७ मिलिमीटर बाक उरला. ग्वाल्हेरकरांच्या सांगण्याप्रमाणे आधी महिनाभर एक स्वर उतरवून पाहिले. फट १.३ वर आली, पण खालची तार सैल पडून पडद्यांवर खडखडू लागली आणि मैदानावर ढोलाच्या शेजारी तो आवाज चालला नसता. म्हणून अखेर रॉड घातला. खाच पाडताना आत ताज्या सागाचा वास आला. घर पाडताना आला होता तोच. मुलगी शेजारी उभी होती, तिला तो वास पहिल्यांदाच मिळाला.

पट्टी शिसमची बसवली आणि त्याच संध्याकाळी शिकंज्यात आवळली. आता मूळ सुरात, पूर्ण ताणावर ०.४ मिलिमीटर फट आहे. ब्रिज हलवलेला नाही. पिकअपचा रोध ९.८ किलोओहम भरला. फ्रेटलेस घासून झाली आहे, नवा थर दिवाळीनंतर देईन.

सातही बेसच्या बदलांची वही मुलीने सुरू केली आहे. सागवानीच्या पानावर तिने ब्रिजमागच्या पाच भोकांची जागा काढली आहे. बेस उजेडात तिरकी धरली, की त्यांतला भुसा आजूबाजूच्या लाकडापेक्षा गडद दिसतो. तो उकरून नव्याने भरू का, असे मी विचारले, तेव्हा तिने नको म्हटले आणि प्रत्येक भोकापुढे १९९७ असे लिहिले.