'जिवाला घोर' मधला घोर नक्की कोण?

ताकपोळी: समुपदेशन केंद्रासाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. 'अँग्झायटी'ला 'चिंता' लिहिलं तर फारच रोजचं वाटतं आणि 'चिंताविकृती' वाचून माणूस दारातूनच परत जाईल. म्हणून 'जिवाला सतत घोर लागून राहणे' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली, म्हणे घोर हे विशेषण, घोर अन्याय, घोर अपमान, नुसता घोर असतो का कुठे? माझी आजी दिवसातून चारदा म्हणायची. तुमच्याकडे म्हणतात ना?

उंबरठा: म्हणतात म्हणजे काय! कॉलेजात असताना शेवटची एसटी चुकली, मोबाईल नव्हते, रात्री अकराला दुधाच्या टेम्पोतून घरी पोचलो. आईने आधी पाठीत धपाटा घातला आणि मग "मेल्या, जिवाला घोर लावलास" म्हणत ताट वाढलं. यात विशेषण कुठंय? तो घोर, पुल्लिंगी.

शब्दकिडा: मूळ विशेषणच आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात पहिल्याच श्लोकात अर्जुन 'कर्मणि घोरे' म्हणतो, भयंकर या अर्थी. माझा अंदाज असा की 'घोर चिंता'तली चिंता गळाली, जसा 'कटिंग चहा'तला चहा गळतो. पुरावा मागू नका.

भाकरतुकडा: आणि घोरणे? ज्याला घोर तो जागा, शेजारी ज्याला नाही तो घोरतो. आमच्या घरात रोज सिद्ध होतं.

शब्दकिडा: ते घुरघुर आवाजावरून हो. काहीही जोडू नका.

रोखठोक: एवढे आपले शब्द असताना पोरं टेन्शन आणि अँग्झायटी करत बसतात. फिकीर, धास्ती हे पण परकेच, शुद्ध मराठी वापरा.

उंबरठा: मग 'चिंता' पण काढा, संस्कृत आहे. फिकीर अरबी, तिकडे तर तिचा अर्थ नुसता 'विचार', आणि धास्ती मला दहशतीचीच लेक वाटते. शेवटी उरली काळजी, ती काळजातून आली म्हणावं तर काळीज म्हणजे यकृत, मटणवाल्याकडे कलेजी मागून बघा!

पाणपोई: मला घोर वेगळाच वाटतो. तो आपल्या माणसापायी लागतो. 'उद्याच्या पेपरचा घोर' कोण म्हणतं, तिथे धाकधूक. पोरीच्या लग्नाचा घोर, आजाऱ्याचा घोर. अँग्झायटीत तर कशाचं ते पण कळत नाही, नुसतं आत कालवत राहतं, तिथे घालमेल बरी.

काळी माती: पटलं नाही. पेरणी झाली आन् पावसानं दडी मारली की दुबार पेरणीचा घोर लागतोच. तो कोण्या माणसाचा?

पाणपोई: पीक म्हणजे लेकरूच की तुमचं.

काळी माती: असं गोड बोलून सुटू नका. बियाण्याची उधारी पण लेकरू का?

ताकपोळी: अहो पत्रक उद्या छापायला जायचंय, घोर ठेवू का घालमेल?

रोखठोक: आधी 'समुपदेशन' हा शब्द बदला, तो कोणाला कळतो?

भाकरतुकडा: ते राहू द्या, घोरपडीत घोर कुठून आला?