येलो अलर्ट, कोजागिरी आणि बी विंगचं पार्किंग

शनिवार

मृणाल बी १०२: गुड मॉर्निंग. रात्री परत बी विंगच्या पार्किंगमध्ये घोट्याच्या वर पाणी होतं, वॉचमन मामा एकटे खराट्याने ढकलत होते. पंप बंदच. मी जूनपासून सांगतेय. आता पुढचे तीन चार दिवस परत वादळी पाऊस सांगितलाय आणि सोमवारी आपली कोजागिरी आहे. कमिटीपैकी कोणीतरी नीट उत्तर द्या प्लीज, नुसता अंगठा नको.

शिंदे सेक्रेटरी: 👍

शिंदे सेक्रेटरी: सॉरी ताई हात लागला. बघतो.

पराग सी ४०१: 😂😂 साहेब काय टायमिंग

जोशी काका ए ५०३: नमस्कार मंडळी. सप्टेंबरचा गोषवारा राहिला होता. गच्चीवरच्या पर्जन्यमापकात महिन्याचा एकूण १८६ मिमी. पावसाचे दिवस ११. (दिवसभरात अडीच मिमी किंवा जास्त पडला तरच पावसाचा दिवस धरतात, शिंतोडे धरत नाहीत.) एका दिवसातला सर्वात जास्त ५१. एकंदर महिना समाधानकारक.

मृणाल बी १०२: काका तुमचा गोषवारा मी दर महिन्याला वाचते, पण समाधानकारक कुणासाठी? ते ५१ दिवसभर रिपरिप पडले असते तर काहीच झालं नसतं, ते तासाभरात कोसळले आणि माझ्या स्कूटीत पाणी गेलं. महिन्याच्या बेरजेत ते दिसतच नाही.

जोशी काका ए ५०३: बरोबर आहे. तीव्रतेचा रकाना मी ऑक्टोबरपासून घालतो.

गोखले ए २०२: टेरेस वॉटरप्रूफिंगचे बिल अद्याप ग्रुपवर आलेले नाही. कृपया टाकावे.

निखिल सी २०३: काका एक विचारू का, रागावू नका. तुमचं ते मापक टाकीच्या बाजूला आहे ना, मग टाकी ओव्हरफ्लो होते त्या दिवशीचा पण पाऊस धरता का

जोशी काका ए ५०३: मापक टाकीपासून लांब, मोकळ्या जागी आहे. वर येऊन बघावे. लिफ्ट चालू असल्यास.

वैशालीताई बी ३०४: अहो ते जाऊ दे, मला सांगा कोजागिरीचं काय करायचं. चाळीस लिटर दुधाची ऑर्डर दिलीये, मंडपवाल्याला ॲडव्हान्स दिलाय, मुलांचे डान्स बसवलेत. माझ्या मोबाईलवर सोमवारी नुसतं ढग आणि सूर्य दाखवतंय.

निखिल सी २०३: माझ्या ॲपवर ४०% आहे. बायकोच्या फोनवर ८०. एकाच घरात.

पराग सी ४०१: मग सरासरी ६०. अर्धं दूध गच्चीवर अर्धं खाली

वैशालीताई बी ३०४: पराग तू गेल्या वर्षीचे ग्लास अजून परत दिले नाहीयेस.

जोशी काका ए ५०३: वेधशाळेचा आपल्यासाठी येलो अलर्ट आहे. येलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. पण तो अख्ख्या पुणे जिल्ह्याचा असतो, लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत. घाटमाथ्याचा वेगळा देतात ते याचसाठी. आणि मजकुरात 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं ते उगाच नसतं, त्याचा अर्थ साधारण पाव भाग किंवा त्याहून कमी ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. त्याच्यावर 'बऱ्याच ठिकाणी', मग 'बहुतांश'.

पराग सी ४०१: तुरळक ठिकाणी म्हणजे बी विंगचं पार्किंग हे आता कळलं

मृणाल बी १०२: हसा.

सुलभाकाकू सी १०१: *अनेक वेळा फॉरवर्ड केलेला* सावधान!! पुढील ४८ तास पुण्यासाठी अत्यंत धोक्याचे. नासाच्या शास्त्रज्ञांचा इशारा. खडकवासल्यातून प्रचंड विसर्ग, ओढ्याकाठच्या सर्व सोसायट्यांनी त्वरित स्थलांतर करावे. हा मेसेज १० ग्रुपवर पाठवा.

मृणाल बी १०२: काकू हे खरं आहे का?? आई घाबरली इथे

जोशी काका ए ५०३: खरं नाही. आपल्या मागच्या आंबिल ओढ्याचा खडकवासला धरणाशी संबंध नाही. ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो, तलावांतून आपल्याकडे, आणि पुढे दांडेकर पुलाकडे जाऊन मुठा नदीला मिळतो. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेला येतं, त्याचा त्रास सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीला, २५ जुलै २०२४ ला झाला तसा. आपला धोका निराळा. कात्रज बाजूला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की आपल्याकडे ओढ्याला पूर, २५ सप्टेंबर २०१९ सारखा. त्या रात्री धरणातून सोडलेलं पाणी नव्हतंच इथे.

सुलभाकाकू सी १०१: मी आपलं काळजीपोटी टाकलं. यापुढे नाही टाकणार काही. शिकलेल्या लोकांचा ग्रुप आहे हा.

वैशालीताई बी ३०४: तसं नाही हो काकू, काकांचा स्वभावच आहे तो

जोशी काका ए ५०३: माझा कोणता स्वभाव?

मृणाल बी १०२: २०१९ चं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. आपली मागची भिंत तेव्हा थोडक्यात राहिली, पलीकडे टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली ते सगळ्यांना माहितीये. जे नंतर राहायला आलेत त्यांना ही कटकट वाटते, मान्य आहे.

निखिल सी २०३: हे आम्हाला होतं का? आम्ही २१ ला आलो, मेंटेनन्स पहिल्या महिन्यापासून भरतोय. उशीरा भरणारे वेगळे आहेत.

शिंदे सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏

गोखले ए २०२: पावसाचे काय ते होईल. वॉटरप्रूफिंगच्या बिलाचे काय?

पराग सी ४०१: नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या तळ्यासाठी अख्खा ओढा वळवला, कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला, आणि आपल्याला एक पंप दुरुस्त होईना

शिंदे सेक्रेटरी: नानासाहेबांना तीन कोटेशन आणि जनरल बॉडीची मंजुरी लागत नव्हती पराग.

मृणाल बी १०२: पंप कधी? 🙏

शिंदे सेक्रेटरी: मेकॅनिक उद्या येतो म्हणालाय.

मृणाल बी १०२: उद्या रविवार आहे साहेब.


रविवार

वैशालीताई बी ३०४: केशर घालायचं की नुसती वेलची जायफळ? चारोळी सगळ्यांना चालते ना? बिनसाखरेचं किती जणांना, हात वर करा

गोखले ए २०२: मला बिनसाखरेचे.

निखिल सी २०३: ऊन बघा बाहेर काय पडलंय, ऑक्टोबर हीट. येलो अलर्ट वगैरे उगाच. गच्चीवरच करू

जोशी काका ए ५०३: हेच तर फसवं असतं. सकाळी कडक ऊन, हवेत ओल भरपूर, मग दुपारी जमीन तापली की हवा वर जाते आणि तासा दीडतासात उंचच्या उंच ढग उभा राहतो. जूनचा पाऊस सगळीकडे पसरून येतो, परतीचा असा गठ्ठ्याने. तो ढग दोन चार किलोमीटरचा असतो म्हणून धायरीत धो धो आणि स्वारगेटला कोरडं असं होतं, आणि म्हणूनच आदल्या दिवशी कुठल्या गल्लीत पडेल ते कोणालाच सांगता येत नाही. जिल्ह्यात पडेल एवढं सांगता येतं. नेमकं म्हणाल तर पुढच्या तीन तासांचा जो तातडीचा इशारा येतो तो बघायचा, रडारवर ढग दिसल्यावर काढलेला असतो.

पराग सी ४०१: काका याच्यावर शेवटी प्रश्न विचारणार का

सुलभाकाकू सी १०१: हस्त आहे अजून. हत्तीचा पाऊस असाच, सोंडेने ओतल्यासारखा. आमच्या सासूबाई ॲप न बघता सांगायच्या.

जोशी काका ए ५०३: यात काकू बरोबर आहेत. साधारण १० ऑक्टोबरपर्यंत हस्त, मग चित्रा, मग स्वाती. 

सुलभाकाकू सी १०१: पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती 🙏

वैशालीताई बी ३०४: म्हणजे गच्ची की नाही?? मंडपवाला पाइप घेऊन चार वाजता येतोय

जोशी काका ए ५०३: लोखंडी पाइप, उघडी गच्ची, चाळीस पन्नास माणसं आणि विजा. माझा स्पष्ट नकार. दामिनी ॲप टाकून घ्या सगळ्यांनी, आपल्या पाषाणच्या हवामान संस्थेनेच केलंय, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास तरी वर जायचं नाही.

निखिल सी २०३: कोजागिरीला चंद्र बघायचा असतो काका, ॲप नाही

गोखले ए २०२: गच्चीवर मंडपाचे पाइप रोवल्यास नवीन वॉटरप्रूफिंग खराब होईल. ज्याचे बिल अद्याप पाहिलेले नाही.

मृणाल बी १०२: मेकॅनिक आला का?

मृणाल बी १०२: साहेब?

पराग सी ४०१: कात्रजकडे काळंकुट्ट झालंय. भावाचा फोन आला भारती विद्यापीठाजवळून, समोरचं दिसत नाहीये म्हणतो

निखिल सी २०३: इथे अजून ऊन आहे

निखिल सी २०३: ऊन गेलं

वैशालीताई बी ३०४: गच्चीवर कोणाच्या चादरी आहेत घ्या लवकर उडतायत!!

शिंदे सेक्रेटरी: बी विंगची लिफ्ट वापरू नका, लाईट ये जा करतायत. वॉचमनला खाली मेन बंद करायला सांगितलंय.

सुलभाकाकू सी १०१: गारा आहेत का या??

पराग सी ४०१: समोरच्या रस्त्यावर गुलमोहराची फांदी पडली. खाली कोणी नाही. ॲक्टिव्हा कोणाची आहे ग्रे कलरची

मृणाल बी १०२: पार्किंगमध्ये पाणी यायला लागलं. चेंबरचं झाकण उघडलं की निघून जाईल असं मामा म्हणतायत पण झाकणावर पांढरी गाडी उभी आहे. कोणाची आहे?

मृणाल बी १०२: पांढरी गाडी, बी विंगचा जिना सोडून दुसरी. लवकर

मृणाल बी १०२: अरे कोणाची आहे गाडी

शिंदे सेक्रेटरी: ती ए विंगवाल्यांची आहे. गोखले साहेब, आपली ना?

पराग सी ४०१: गोखले काका ऑनलाईन आहेत

गोखले ए २०२: येतो. माझ्या जागेवर मंडपवाल्याचा टेम्पो उभा होता म्हणून तिथे लावली. नोंद असावी.

मृणाल बी १०२: निघालं पाणी. झाकणाखाली पानांचा नुसता चोथा होता. थँक्यू मामा, थँक्यू पराग. निखिलनी पण हात घातला चेंबरमध्ये, त्याला पण.

निखिल सी २०३: ओके ओके. टिटॅनसचं इंजेक्शन कोण देणार ते सांगा


सोमवार

जोशी काका ए ५०३: काल संध्याकाळी ३८ मिमी, त्यातले बहुतेक पाऊण तासात. साडेसहानंतर रात्रीपर्यंत फक्त दोन मिमी. तीव्रतेचा रकाना सुरू केला आहे.

निखिल सी २०३: पेपरमध्ये शिवाजीनगरला फक्त ६ मिमी आहे काका 😬 आणि तुमचे ३८

जोशी काका ए ५०३: शिवाजीनगरच्या ढगाला आपल्या गच्चीचं काय देणंघेणं. तिथलं मापक तिथला पाऊस मोजतं. उलट २५ सप्टेंबर २०२४ ला तिकडे दिवसात १३३ पडला, तोही बराचसा दोन तासांत, दुसऱ्या दिवशीचा पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला. तेव्हा पाषाण, लोहगाव, चिंचवड सगळीकडचे आकडे वेगळे होते. आणि दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात, म्हणून काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेला जमा होतो. पेपरमध्ये कोणता आकडा छापलाय तेही बघा.

मृणाल बी १०२: काका मला एक सांगा, काल ओढ्याची पातळी वाढलीच नव्हती, मी खिडकीतून बघत होते. मग पार्किंगमध्ये एवढं पाणी आलं कुठून?

जोशी काका ए ५०३: मी तेच रात्री बसून काढलं. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. आपली बी विंगची गच्ची साधारण ६०० चौरस मीटर. ३८ ने गुणा, २२,८०० लिटर. दहा हजारी टँकर दोन आणि वर थोडं, पाऊण तासात, चार पाइपमधून, आणि चारही पाइप उतरतात त्याच चेंबरमध्ये. पाणी ओढ्याचं नाहीच, आपल्याच गच्चीचं आहे.

पराग सी ४०१: म्हणजे मे मध्ये आपण जे टँकर विकत घेतले ते हेच पाणी

मृणाल बी १०२: ते पाइप पाणी मुरवायच्या खड्ड्यात जायला हवे होते ना? त्याच्यावर आपण टॅक्समध्ये सवलत घेतो ना?

शिंदे सेक्रेटरी: ताई हा विषय मीटिंगमध्ये घेऊ. ग्रुपवर नको.

मृणाल बी १०२: मग मीटिंग कधी?

शिंदे सेक्रेटरी: मेकॅनिक येऊन गेला. पंपाचा फ्लोट अडकला होता, बदलला. चालू करून बघितलाय. खड्ड्याचा गाळ काढायला माणूस गुरुवारी.

मृणाल बी १०२: धन्यवाद. लेखी मिळेल का

शिंदे सेक्रेटरी: हे लेखीच आहे ना ताई.

वैशालीताई बी ३०४: फायनल. कोजागिरी ए विंगच्या पार्किंगमध्ये, साडेआठला. पाच वाजेपर्यंत ए विंगवाल्यांनी गाड्या रस्त्यावर काढा. चंद्र दिसला तर दोन दोन जणांनी वर जाऊन बघून या, जोशी काका सांगतील तेव्हाच.

गोखले ए २०२: माझी गाडी आता कुठे लावावी हे कमिटीने लेखी कळवावे.

शिंदे सेक्रेटरी: *फोटो* गोखले साहेब, आपले बिल.

गोखले ए २०२: फोटो अस्पष्ट आहे. एकूण रक्कम अंगठ्याखाली गेली आहे.

पराग सी ४०१: 😂😂😂

सुलभाकाकू सी १०१: वैशाली, जायफळ मी किसून आणते. आणि परागकडून आधी ग्लास घे.

पराग सी ४०१: पंधरा आहेत, एक फुटला. आणतो