कामशेतला उतरायचं कुठून?

डोंबिवलीकर:
रविवारी आईला घेऊन आत्याकडे कामशेतला जायचंय. मागच्या खेपेला फजिती झाली. एक्स्प्रेस वेवर ‘कामशेत बोगदा’ अशी पाटी दिसली, म्हटलं आलंच. डावी लेन धरून बसलो. बोगदा संपला तरी वाट काही येईना, आला तो थेट उर्स्याचा टोल. मग तळेगावला उतरून वडगावमार्गे उलटा आलो. आत्याची भजी पार गार. नेमकं कुठे उतरायचं असतं?

मळवलीवाला:
आमच्याकडे येणारा पाहुणा एकदा तरी उर्स्याला जाऊन येतोच, वाईट वाटून घेऊ नका. कामशेतला बोगदा दिलाय, वाट नाही दिली. कळंबोली ते किवळे 94.5 किमीचा रस्ता, पण खोपोली, लोणावळा, तळेगाव अशा मोजक्याच ठिकाणी खाली उतरता येतं. बाकी दोन्ही बाजूंनी बंद. आमच्या मळवलीत स्टेशनावरून भाज्याच्या लेण्यांकडे निघालात की एक्स्प्रेस वेवरचा पूल लागतो. मुंबईचा मेव्हणा पुण्याला जाताना त्या पुलाखालून फोन करतो, ‘दाजी, तुमच्या गावातून चाललोय.’ चहाला ये म्हणायची सोय नाही!

तर तुम्ही घाट चढून आल्यावर पहिल्या खंडाळ्याच्या वाटेने उतरू नका, लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांपुढे अडकाल. पुढे वलवणला उतरा. तिथून जुना हायवे. वरसोलीला आणखी एक टोल आहे, तो भरताना चिडू नका. मग कार्ला फाटा, की पुढे कामशेत. गावंच बघायची असतील तर जुन्या हायवेलाच लागावं लागतं.

घाटातला:
रविवार आहे ना? मग उजाडायच्या आत निघा. उशीर झाला की बोरघाटात गाड्या मुंगीसारख्या. आणि मोकळा मिळाला तरी दामटू नका, घाटात कारला 60 ची मर्यादा आहे, वर कॅमेरे.

स्प्लेंडर:
आम्ही दोघं बाईकवर येतोय, आम्हालाही वलवणच का?

मळवलीवाला:
अहो, एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. पनवेलपासूनच जुना रस्ता धरा, चौकवरून खोपोली, आणि शिंग्रोबाच्या घाटाने वर. शिंग्रोबाला नाणं टाकायला विसरू नका, ट्रकवालेही टाकतात.

डोंबिवलीकर:
जाऊन आलो. पहाटे पाचला निघालो, वलवणला बरोबर उतरलो, वरसोलीला मुकाट पैसे भरले. आठच्या आत कामशेत, असा हिशोब होता. पण कार्ला फाट्यावर आईला एकवीरेची कमान दिसली. आम्ही आगरी, आता बोला! गाडी वळवली. रांगेतून खाली यायला बारा वाजले. आत्या विचारत होती, परत उर्स्याला गेलास का रे?