विधुर नायकाची प्रेमकथा लिहितेय, पहिल्या बायकोचं काय करू?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच कादंबरी लिहायला घेतलीय, ऑनलाइन भाग टाकायचा बेत आहे, अकरा भाग लिहून झालेत आणि आता गाडी पूर्ण अडकलीय म्हणून धागा काढला. थोडक्यात सांगते. नायक श्रीकांत, वय ५९, कराडचा, महावितरणमधून वर्षभरापूर्वी रिटायर. बायको सुनंदा चार वर्षांपूर्वी किडनीच्या आजारात गेली. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा बंगळूरला. नायिका माधवी, वय ५२, तीही विधवा, स्टँडजवळ पोळीभाजी केंद्र चालवते, हा तिथून रोज डबा आणतो आणि तिथून सगळं सुरू होतं.

तीन मैत्रिणींना वाचायला दिलं. एक म्हणाली नायक निर्दयी वाटतोय, बायको गेलेली ह्याला काही वाटतच नाही. म्हणून मी दोन भागांत त्याला फोटोसमोर रडवला, तर दुसरी म्हणाली आता रडकी सिरीयल झाली. तिसरी म्हणाली मुलीला व्हिलन का केलंस. मला शेवट गोड हवाय, उगाच कुणाला कॅन्सर वगैरे करायचा नाहीये. पण तो हार घातलेला फोटो हॉलमध्ये लटकतोय आणि प्रत्येक सीनमध्ये मलाच बघतोय असं झालंय. तो काढायला लावू का? कधी? कुणी? आणि सुनंदा वाचकाला आवडली पाहिजे की नको, मला हेच कळत नाहीये.

तिखटमीठ:
ताई रागावू नका, पण तुमची भानगड फोटोची नाहीच, पोळीभाजी केंद्राची आहे. बायको गेली, पोळ्यांची पंचाईत झाली, पोळ्या करणारी बाई भेटली, प्रेम बसलं. ह्याला माझी आजी प्रेम म्हणाली नसती, "सोय लागली" म्हणाली असती. आपल्याकडे विधुराचं दुसरं लग्न कायम असंच झालंय, वर्षश्राद्ध व्हायच्या आत "घरात बाईमाणूस पाहिजे, पोरं लहान आहेत" आणि झाला बिजवर उभा. बिजवर हा शब्द किती सहज वापरायचे बघा. बाईसाठी असा साधा शब्द नाही, तिच्या वाट्याचे सगळे शब्द शिवीच्या वळणाचे.

आणि आपल्या नाटकात म्हातारा नवरदेव आला तो हसायला किंवा चीड यायलाच. देवलांचं शारदा १८९९ चं, त्यातल्या भुजंगनाथाला लोक अजून विसरले नाहीत. (अवांतर: मुलींच्या लग्नाचं वय १४ ठरवणाऱ्या १९२९ च्या कायद्याला शारदा कायदा म्हणायचे ते ह्या नाटकामुळे असं बऱ्याच जणांना वाटतं. ते नाव हरबिलास सारडांवरून आलं.) सांगायचा मुद्दा असा की वाचक आधीच संशय घेऊन बसलाय, म्हाताऱ्याला काय पाहिजे आम्हाला माहितीय म्हणून. तर श्रीकांतला आधी स्वयंपाक शिकवा. त्याला पोळीची गरज उरली नाही आणि तरी तो स्टँडकडे चालत गेला, तर मी पुढचा भाग वाचेन.

सायकलवाले काका:
मी स्वतः विधुर आहे, ६३, सौ. जाऊन सहा वर्षं झाली. लग्न वगैरे केलेलं नाही, करायचा विचारही नाही, त्यामुळे तुमच्या प्रेमाबिमात मला गती नाही, पण घरातलं सांगू शकतो. फोटोसमोर कोणी रडत नाही हो. फोटो भिंतीचाच होऊन जातो, महिन्या-महिन्यात लक्ष जात नाही, दसऱ्याला हार बदलताना काय ते बघणं होतं. रडू येतं ते भलतीकडेच. माझं सांगतो, आमच्या घरचा गॅस हिच्या मोबाइल नंबरवर बुक व्हायचा, लाइट बिलाचा मेसेज त्याच नंबरवर, पोस्टातल्या जॉइंट खात्यालाही तोच. ती गेल्यावर मुलगा म्हणाला बाबा नंबर बदलून घेऊ, मी म्हटलं बघू, आणि ते बघू अजून चालूच आहे. साधा बटणाचा फोन आहे, ड्रॉवरमध्ये असतो, दर महिन्याला रिचार्ज मारतो. सिलेंडर आला की तिच्या फोनवर ओटीपी येतो, मी खाली उभ्या पोराला ओरडून सांगतो. एकदा रिचार्ज संपला आणि तो पोरगा म्हणाला "काका, नंबर बंद लागतोय", तेव्हा जिन्यातच खाली बसलो. इतकंच.

तुमच्या श्रीकांतला काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि स्वयंपाक मला येतो, पोळ्या सोडून.

शनिवारातली_शेंडेफळ:
काका 🙏 काय लिहावं कळेना.

कृष्णाकाठची, ह्या कथा पूर्वी प्रत्यक्ष कशा घडल्या ते वाचलंत तर पुष्कळ सापडेल. रानड्यांचं घ्या. १८७३ मध्ये पहिली पत्नी सखूबाई वारल्या, माधवराव ३१ वर्षांचे, विधवाविवाहाच्या बाजूने जाहीर बोलणारे, लोक वाट बघत होते की हे आता विधवेशीच लग्न करणार. वडिलांनी घाई केली आणि त्याच वर्षी लग्न झालं ११ वर्षांच्या रमाबाईंशी. त्यावरून लोकांनी त्यांना आयुष्यभर बोल लावला, आणि लावायलाच हवा होता असं माझं मत. पण पुढे रमाबाईंनी लिहिलेल्या आठवणी वाचल्या की आपली पंचाईत होते, कारण नातं खरोखर जिव्हाळ्याचं दिसतं, रोज शिकवणं, घरातल्या बायकांनी त्यावरून छळणं, दोघांची त्यातून काढलेली वाट. चुकीच्या जागी सुरू झालेलं लग्न आणि त्यातही माया. कादंबरीवाल्याला अजून काय लागतं!

दुसरीकडे धोंडो केशव कर्वे. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, मुलगा लहान. ह्यांनी मात्र करायचं तर विधवेशीच असं ठरवून मार्च १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या, आणि कर्व्यांच्या मित्राची बहीण. मग गावाने, मुरुडने, बहिष्कार घातला. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ लाच झाला होता, म्हणजे सदतीस वर्षांनीही ही तऱ्हा. मला त्यात नेहमी खटकतं की शाळेत आपण सगळं कर्व्यांच्या धैर्याचं वाचतो. बाया कर्व्यांचं, म्हणजे ह्याच गोदूबाईंचं, धैर्य कुठाय? त्यांच्या अंगावर तर दुप्पट आलं असणार. तुमच्याही अकरा भागांत श्रीकांतची कुचंबणा दिसते, माधवीची किती दिसते?

गवतीचहा:
मी तुमच्या कादंबरीतली व्हिलन. :D म्हणजे माझ्या बाबांनी आई गेल्यावर पाच वर्षांनी लग्न केलं आणि मी सहा महिने त्यांच्याशी नीट बोलले नाही. मला काकू (अजून काकूच म्हणते, आई म्हणवत नाही आणि त्यांनीही कधी म्हणायला लावलं नाही) वाईट वाटल्याच नव्हत्या. राग कशाचा होता सांगू, आईच्या आजारपणात बाबा कधी हसले नव्हते, आणि आता फोनवर हसत होते. हे मी कुणाला सांगणार? मग काय, कपाटातल्या साड्या, डबे, पाटल्या, असल्या गोष्टींवरून भांडले. तुमच्या मुलीलाही भांडायला एखादी फालतू वस्तू द्या, ती आपोआप माणसासारखी वागेल.

फोटोचं विचारताय तर सीन मी देते. आमच्याकडे पितृपक्षात अविधवा नवमी करतात, भाद्रपद वद्य नवमी, नवऱ्याच्या आधी अहेवपणी गेलेल्या बाईसाठी. सवाष्ण जेवायला घालायची, ओटी भरायची. बाबांचं लग्न झालं त्या वर्षी मला वाटलं आता हे बंद पडणार, मी मुद्दाम फोन नाही केला, बघू तरी म्हटलं. आदल्या दिवशी काकूंचाच फोन, "तुझ्या आईला पुरणपोळी आवडायची की गुळाची, ह्यांना काही आठवत नाही." बाबांना आठवत नव्हतं! तीस वर्षांचा संसार. मी सांगितलं, गुळाची, तिळाचं सारण, कडेपर्यंत भरलेली. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून गेले. काकूंना जमली नव्हती, कडा कोरड्या राहिल्या होत्या, आणि मी ते बोलून दाखवलं, आणि आम्ही दोघी त्या पोळीवर हसलो. तेव्हापासून बरं आहे.

आमच्या पणजीच्या गळ्यात तर सवतीचा टाक असायचा, पहिलीच्या नावाचा, दुसरीने जन्मभर घालायचा. लहानपणी ऐकून अंगावर काटा यायचा. आता वाटतं निदान ती होती हे कुणी लपवत तरी नव्हतं.

वकिलीणबाई:
कंटाळवाणा मुद्दा, पण मुलगी भांडणार तर जागेवरूनही भांडेल. फ्लॅट श्रीकांत आणि सुनंदाच्या नावावर निम्मा-निम्मा असेल आणि सुनंदाने मृत्युपत्र केलेलं नसेल तर तिचा अर्धा भाग नवरा आणि दोन मुलं असा तिघांत जातो. म्हणजे प्रत्येक मुलाचा सहावा हिस्सा आत्ताच आहे, बापाने लग्न करो न करो. श्रीकांतच्या दोन तृतीयांशात मात्र तो बिनमृत्युपत्राचा गेला तर माधवी आणि दोन्ही मुलं सारखे वाटेकरी. श्रीकांतची आई हयात असेल तर तिचाही वाटा. हे कुणालाच माहीत नसतं आणि सगळे त्यावरून भांडतात.

आणि स्पेशल मॅरेज अॅक्टखाली रजिस्टर लग्न दाखवणार असाल तर तीस दिवसांची नोटीस लागते, ती ऑफिसात फळ्यावर लावतात. कराडमध्ये तीस दिवस! गुपचूप लग्नाचा प्लॅन असेल तर ह्यातच एक अख्खा भाग निघेल. दोघांच्याही पहिल्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले जोडावे लागतात, ते शोधायचा सीनही बघा.

तिखटमीठ:
दोघांच्याही! वकिलीणबाईंनी जाताजाता बरोब्बर बोट ठेवलं. ताई, सुनंदाचा फोटो हॉलमध्ये, तिला हार, तिच्यावरून तीन मैत्रिणी भांडतायत. माधवीच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो कुठाय?

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे आभार, उशिरा उत्तर देतेय कारण दोन दिवस नुसती वाचत बसले होते. काका, तुमची फोनची गोष्ट तुम्ही परवानगी दिलीत तरी मी वापरणार नाही, ती तुमचीच राहू दे. गवतीचहा, नवमी मात्र उचलणार आहे, आधीच सांगते, पोळी बदलीन. डब्याचं कबूल, पोळीभाजी केंद्र काढून टाकतेय, माधवीला आता शिलाईचं दुकान आहे आणि श्रीकांतला भात करपवायला लावलाय. मुलीला भांडायला सुनंदाचा स्वेटर दिलाय, अर्धवट विणलेला, सुया अजून तशाच.

आणि तिखटमीठ, तुमचा प्रश्न वाचून फाइल उघडून शोधलं. अकरा भागांत माधवीचा नवरा फक्त एकदा येतो, "तिचे मिस्टर वारले होते" एवढंच. त्याला नावसुद्धा दिलेलं नाही मी.

तिखटमीठ:
मग आता द्या. आणि तो फोटो बहुतेक तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली असेल, शोधा.

कृष्णाकाठची:
मनोहर. साताऱ्याला प्रेसमध्ये होता, खिळे जुळवायचा. भाग बारा लिहायला बसले.