फॅनफिकखाली चूक दाखवायची की नाही?

पावसाळी_वाचक:
परवा एओथ्री या फॅनफिकच्या साइटवर एक मोठी फिक, म्हणजे आवडत्या कथेतल्या पात्रांवर चाहत्याने लिहिलेली गोष्ट, रात्री दोनपर्यंत जागून संपवली, २१ प्रकरणं. इतकी आवडली की लांबलचक कमेंट टाकली, काय काय भावलं ते सगळं, आणि शेवटी एकच ओळ, की तिसऱ्या प्रकरणात नायिकेचा उजवा हात मोडलाय, प्लास्टर घातलंय, आणि पाचव्यात, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ती त्याच हाताने दोर ओढून होडी किनाऱ्याला लावतेय. लेखिकेने कमेंट उडवली आणि वर नोट टाकली, न मागता चुका काढू नका. खरंच वाईट वाटलं. म्हणजे वाचकाने कुडोजचा (लाइकसारखा) बदाम दाबायचा आणि गप निघून जायचं का?

शाईचा_डाग:
पण तिने विचारलं होतं का तुला? मी ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाक उरकून लिहिते. पैसे मिळत नाहीतच, एओथ्रीवर मागायलाही बंदी आहे, लेखकाला मिळतात त्या फक्त कमेंट. माझ्या एका फिकला सहा महिन्यांत ३८ कुडोज आणि एक कमेंट, ती काय, तर "हे पात्र तुम्हाला कळलेलंच नाही". पुढचं प्रकरण अर्धं लिहून झालं होतं, ते अजून तसंच पडलंय. जेवायला गेल्यावर आमटीत मीठ कमी आहे असं भर पंगतीत कोणी ओरडतं का? चुका बघायला बीटा रीडर असतो, पोस्ट करायच्या आधी.

कोपऱ्यातला_खांब:
ताई, पंगतीचं नाही पटलं. घरात जेवायला आपण ठरावीक माणसं बोलावतो, इथे जगासमोर ठेवलंय आणि खाली कमेंटचा चौकोन पण उघडा ठेवलाय. स्टार ट्रेक मालिकेच्या फॅन्सनी १९६७ मध्ये स्पॉकानालिया हे झीन, म्हणजे फॅन्सनीच छापलेलं नियतकालिक, काढलं, त्या काळापासून वाचक पत्रं लिहून वाद घालत आलेत. फॅनफिक्शन डॉट नेटवर तर कमेंटला रिव्ह्यूच म्हणतात. मला तिथे एकाने लिहिलेलं, तुझी सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. दोन दिवस जेवण गेलं नाही, पण संवाद लिहायला मी तिथून शिकलो.

शाईचा_डाग:
तू शिकलास, चांगलंच झालं. पण त्याच रिव्ह्यूंमध्ये फ्लेम्स, म्हणजे नुसते शिव्याशाप, पण यायचे, आणि त्यापायी लिहिणं सोडलेली माणसं आज इथे बोलायला नाहीयेत. लेखकाच्या नोटमध्ये "कॉनक्रिट चालेल", म्हणजे सुधारणा सुचवणारी टीका चालेल, असं लिहिलेलं असेल तर बिनधास्त लिहा ना.

वेलांटी:
मी वॉटपॅडवर मराठीत लिहिते, नियमित वाचणारे दहा-बारा जण. पहिल्याच भागात एकाने प्रत्येक परिच्छेदाला वेगळी कमेंट करून "कि" नाही "की" एवढंच सांगितलं, सतरा वेळा. बरोबर होतं त्याचं, पण गोष्ट कशी वाटली ते एकदाही नाही. तेच मेसेज करून एकदा सांगितलं असतं तर मी आभार मानले असते. चूक काढायला माझी ना नाही, पण आधी वाचल्याचं कळू दे.

पावसाळी_वाचक:
मी तर आधी कौतुकच केलेलं, तरी उडवली. आता तिला सॉरी लिहू का?

शाईचा_डाग:
सॉरी नको. तो होडीचा प्रसंग तुला का आवडला तेवढंच परत लिही, ती कमेंट उडवताना ते पण गेलं असेल.

पावसाळी_वाचक:
लिहिते. हाताचं मात्र मला अजूनही खटकतंय.