मुदतीआधी घर सोडणारा भाडेकरू : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, वाकडला आमचा टू बीएचके आहे, आम्ही स्वतः साताऱ्याला असतो. जानेवारीत ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, केलं, भाडं २८ हजार, डिपॉझिट ८० हजार, लॉक इन (त्याच्या आत घर सोडायचं नाही अशी मुदत) सहा महिन्यांचा आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस. नवराबायको दोघं आयटीत, भाडं एक तारखेला म्हणजे एक तारखेला, सोसायटीची एक तक्रार नाही. आणि परवा मेसेज, काकू हैदराबादला ट्रान्सफर झालीय, महिनाअखेरीस सोडतोय, डिपॉझिट कधी मिळेल. चौथा महिना चालू आहे.

आमच्या ह्यांचं म्हणणं, लिहिलंय ना करारात, मग उरलेल्या दोन महिन्यांचे ५६ हजार कापायचे आणि मोकळं व्हायचं. एजंटही म्हणतो कापाच, आणि त्याच दमात नवीन पार्टी आणून देतो म्हणतो, म्हणजे त्याचं ब्रोकरेज पुन्हा दोन्हीकडून. मला कापणं जिवावर येतंय, पण फ्लॅटचा हप्ता चालू आहे आणि घर रिकामं पडलं तर तो आमच्याच खिशातून जाणार. कायदा काय म्हणतो ते सांगाच, पण त्याहून जास्त प्रत्यक्षात काय ठरलं, कसं ठरलं, पैसे कसे सुटले ते लिहा. मालक आणि भाडेकरू, दोघांनीही लिहा.

ठाणे, घोडबंदर रोड

ताई, कापायचं नंतर बघा, आधी फ्लॅट दाखवायला सुरुवात करा. भाडेकरू राहतोय तोवर घरात पडदे असतात, फ्रीज असतो, ओट्यावर काहीतरी शिजत असतं, अशा घराला माणूस पटकन हो म्हणतो. तेच घर रिकामं झालं की भिंतीवरची खिळ्यांची भोकं आणि बेसिनखालची ओल दिसायला लागते आणि येणारा प्रत्येक जण आधी रंगाचं काय ते विचारतो.

माझ्याकडे अगदी हीच केस झाली, फक्त पोरगा पुण्याला चालला होता. मी त्याला बसवून सांगितलं की बाबा लॉक इनचा हट्ट मी धरत नाही, पण शनिवार रविवार तू घर दाखवायचंस, दुसरा येईपर्यंत किंवा लॉक इन संपेपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंतचं भाडं तुझं, आणि नवीन कराराचा खर्चही तुझा. त्याने ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि त्याच्याच टीममधला एक जण आला, त्यामुळे ब्रोकर मध्ये आलाच नाही. तरी नवीन माणसाचं पोलीस व्हेरिफिकेशन मी वेगळं केलं. "माझ्या ओळखीचा आहे काका" हे ठीक, पण घर माझं आहे.

नवीन कराराचा खर्च म्हणजे काय फार नसतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. तुमच्या आकड्यांना आठशेच्या आत बसेल, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० आणि घरी मशीन आणून अंगठे घेणाऱ्याचे पैसे. मोठा खड्डा पडतो तो रिकाम्या महिन्याने आणि ब्रोकरेजने. तेवढे दोन वाचवा.

पनवेल

एक शंका. आमच्या करारात लॉक इन फक्त लायसन्सीला, म्हणजे भाडेकरूला, आहे, मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही बाहेर काढू शकतो. सही करताना विचारलं तर एजंट म्हणे स्टँडर्ड फॉरमॅट आहे. हे चालतं का?

पुणे, वकिली करते म्हणून लिहिते

पनवेल, तुम्ही सही केलीत म्हणजे चालतं, पण पुढच्या वेळी दोन्हीकडून लिहून घ्या, बहुतेक मालक मान्य करतात, फक्त विचारणारं कोणी नसतं.

आता मूळ प्रश्न. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४. करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची असं लिहिलं असेल तर ती रक्कम ही वरची मर्यादा असते, ती आपोआप खिशात पडत नाही, मिळते ती वाजवी भरपाई. आणि कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असं आहे की नुकसान मोजताना ते टाळायला तुमच्या हातात काय साधन होतं तेही बघायचं. म्हणजे हा गेला ३० तारखेला, नवीन आला १५ तारखेला, तर नुकसान पंधरा दिवसांचं आणि ब्रोकरेजचं. जुन्याकडूनही दोन महिने आणि नव्याकडूनही तेच दोन महिने, हे कोर्टात टिकवणं कठीण. पण म्हणून लॉक इन म्हणजे नुसता कागद असंही भाडेकरूंनी समजू नये, घर खरंच रिकामं पडलं आणि मालकाने प्रयत्न केल्याचं दाखवता आलं तर रक्कम मागता येते.

लोक हमखास दुसरी एक गल्लत करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २४ दाखवून दुप्पट भाडं मागतात. ते कलम मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्यासाठी आहे, लवकर सोडणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि त्याच कायद्याचं कलम ५५, करार नोंदवलेला हवा, जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा नुसत्या नोटरीवाल्या कागदावरच्या लॉक इनच्या जोरावर कोणी आवाज चढवू नये.

आणि हे वकील म्हणून नाही, अशी भांडणं बघून सांगते. ५६ हजारांसाठी दिवाणी दावा कोणी लावत नाही. डिपॉझिट ज्याच्या हातात त्याचं ऐकलं जातं, म्हणूनच ज्याच्या हातात आहे त्याने जरा सबुरीने घ्यावं.

ऐरोली, भाडेकरू

ज्याच्या हातात डिपॉझिट, हे अगदी खरं. माझी नोकरी गेली, कंपनीने अख्खी टीम काढली, मी गावी जायचं ठरवलं. लॉक इनचा एक महिना उरला होता तो द्यायला मी तयार होते. पण मालकीणबाईंनी यादी काढली, रंगाचे १८ हजार, डीप क्लीनिंग, गीझर सर्व्हिसिंग, बाल्कनीच्या जाळीला गंज. गंज माझ्यामुळे चढला का हो? खाडीच्या वाऱ्याने चढला.

मी भांडले नाही. राहायला आले तेव्हा प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी त्यांना व्हॉट्सॅपवर पाठवला होता, तोच पुन्हा फॉरवर्ड केला. त्यात जाळीचा गंज स्वच्छ दिसतो आणि हॉलच्या भिंतीवर आधीच्यांच्या मुलाने काढलेली आगगाडीही दिसते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला, रंगाचे अर्धे धरू म्हणाला. मी म्हटलं ठीक. घाईत होते, नाहीतर अर्धेही दिले नसते.

नाशिक

आमच्याकडचे लोक लॉक इनच्या वादात पडतच नाहीत, ते सरळ भाडं बंद करतात आणि म्हणतात डिपॉझिटमधून वळतं करून घ्या. पहिला महिना तुम्ही म्हणता बरं, दुसराही जातो, आणि मग एक दिवस वॉचमनकडे किल्ली ठेवून मंडळी गायब. त्यानंतर महावितरणचं बिल येतं, मागचं थकलेलं धरून. मग कळतं की सोसायटीच्या मेंटेनन्सचे पैसेही ते "काका भरतात" असं सांगत होते. डिपॉझिट कधीच संपलेलं असतं.

तेव्हापासून करारात वेगळी ओळ टाकतो, डिपॉझिट भाड्यापोटी वळतं होणार नाही. आणि सोडायचं म्हणाला की आधी मीटरसमोर दोघांनी उभं राहायचं, रीडिंगचा फोटो काढायचा, मग बाकीचं बोलायचं. वाकडच्या ताई, तुमचे लोक सांगून जातायत, भाडं चालू आहे, हे फार आहे हो. अशांना दुखवू नका.

गिरगाव

तुम्ही सगळे महिन्याच्या भाड्यावाले. आमच्याकडे हेवी डिपॉझिटचा कारभार, तिथे भाडेकरू लवकर निघाला की घाम मालकाला फुटतो. वडिलांनी खोली अशीच दिली होती, भाडं नाममात्र आणि डिपॉझिट लाखांत. ते पैसे काय कोणी कपाटात ठेवतं का, ते गेले गावच्या घराच्या स्लॅबमध्ये. आणि वर्ष व्हायच्या आत भाडेकरू म्हणतो मुलाला बोरिवलीत शाळा मिळाली, जातो, पैसे द्या.

आम्ही म्हटलं मुदत बाकी आहे. तो म्हणाला असू दे, सामान नेतो पण कुलूप माझं राहील, पैसे मिळाले की काढतो. म्हणजे खोलीही नाही आणि पैसेही नाहीत, वर त्याच्या कुलपामुळे नवीन माणसाला दाखवताही येईना. चाळीतल्या एका आजोबांनी मध्यस्थी केली. ठरलं असं की कुलपाची एक किल्ली आजोबांकडे, नवीन पार्टी आली की त्यांनी उघडून दाखवायचं, आणि नव्याचा डीडी थेट जुन्याच्या नावाने काढायचा, आमच्या हातात यायलाच नको. वडिलांना ते शेवटचं फार लागलं, चारचौघांत विश्वास नाही असं झालं ना. पण सुटलं त्यानेच. हेवी डिपॉझिट घेणाऱ्यांनी निदान काही रक्कम एफडीत ठेवावी एवढंच सांगेन, ऐकत कोणी नाही.

सदाशिव पेठ

वरच्या मजल्यावर आम्ही एमपीएससीची मुलं ठेवतो, कॉट बेसिसवर. त्यांना कसला लॉक इन आणि कसलं काय. २०२० च्या मार्चमध्ये सगळी दोन कपडे घेऊन गावी गेली, ५ एप्रिलची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, मग पुढे ढकलतच राहिली. सरकारने एप्रिलमध्ये सांगितलं की किमान तीन महिने भाडेवसुली लांबणीवर टाका, कोणाला बाहेर काढू नका. लांबणीवर म्हणजे माफ नाही, पण मागायचं कोणाकडे, परभणीत त्याच्या बापाचा माल शेतात पडलेला.

जूनमध्ये मुलं म्हणाली खोली सोडतो, सामान तेवढं सांभाळा. सामान म्हणजे पुस्तकं. आमच्या सौ. व्हिडिओ कॉल लावून एकेक वस्तू दाखवायच्या, हे तुझं का रे, आणि पलीकडून हो काकू म्हटलं की त्या कॉटच्या नावाच्या पोत्यात. राज्यघटनेचं एक गाइड तिघांनी आपलं म्हणून सांगितलं. डिपॉझिटमधून दोन महिने धरले, बाकीचे परत केले. शेजारच्यांनी पूर्ण ठेवून घेतलं, त्यांच्याकडे वर्षभर मुलं आली नाहीत असं मी म्हणणार नव्हतो, पण तशी आली नाहीत खरी.

ह्यूस्टन

इकडचं थोडं. आमचं एक टाउनहाऊस भाड्याने आहे, लीज बारा महिन्यांची. सातव्या महिन्यात भाडेकरू म्हणाला जॉब बदललाय, जातो. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडमध्ये ९१.००६ म्हणून कलम आहे, भाडेकरू मध्येच सोडून गेला तरी नुकसान कमी करायची जबाबदारी मालकावर आहे आणि ती माफ करणारी अट लीजमध्ये घातली तरी चालत नाही. म्हणजे हातावर हात ठेवून पाच महिन्यांचं भाडं मागता येत नाही, जाहिरात द्यावी लागते. मी केव्हा जाहिरात टाकली, किती जण बघून गेले, सगळ्याची नोंद ठेवली. डिपॉझिटही घर सोडल्यावर ३० दिवसांत परत द्यायचं, कापलं तर कशाचे किती ते लेखी. मात्र त्यासाठी भाडेकरूने नवा पत्ता लेखी द्यायला हवा, आमच्या पठ्ठ्याने तो दिला महिन्याभराने.

वकीलताई म्हणाल्या ते ७३ कलम वाचून वाटलं की तिकडेही मुद्दा तोच आहे, फक्त तिकडे कोणी हिशोब मागत नाही.

वाकडची (धागा काढणारी)

सगळ्यांना धन्यवाद. रात्री त्या दोघांना फोन केला. घोडबंदरच्या काकांचा फॉर्म्युला सांगितला तर मुलगी म्हणाली काकू आम्हाला वाटलं तुम्ही डिपॉझिट बुडवणार म्हणून आम्ही पुढचं भाडं थांबवायचा विचार करत होतो. म्हणजे नाशिकचं प्रकरण आमच्याकडेही होणारच होतं! रविवारी दोन फॅमिली बघायला येतायत. ह्यांचं अजून ५६ हजारच चाललंय, पण आवाज खाली आलाय. आता एक सांगा, हे लेखी कसं करायचं? कोणाकडे मजकूर आहे का?

कल्याण

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, असे कागद बरेच बघतो. फार वकिली नको, साधं लिहा :

"दिनांक अमुक रोजी नोंदणी झालेला, दस्त क्रमांक अमुक असा लीव्ह अँड लायसन्स करार उभयपक्षांच्या संमतीने दिनांक अमुकपासून संपुष्टात आणला आहे. लायसन्सी यांनी सदनिकेचा रिकामा ताबा आज दिला व लायसन्सर यांनी तो घेतला. डिपॉझिटमधून खालील रकमा वजा करून उर्वरित रक्कम बँक ट्रान्सफरने आज अदा केली. यापुढे उभयतांचे एकमेकांकडे काहीही येणे राहिलेले नाही."

खाली वजावटीचा तक्ता, वीज मीटरचं आणि पाइप गॅस असेल तर त्याचं रीडिंग, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. एक कॉपी सोसायटीला द्या, नाहीतर मूव्ह आउटच्या दिवशी गेटवर टेम्पो अडतो. पैसे आणि किल्ल्या एकाच बैठकीत, एकमेकांसमोर. आणि किल्ल्या किती मिळाल्या ते आकड्यात आणि अक्षरात लिहा, आमच्या बी विंगमधल्या लेटरबॉक्सची एक किल्ली बंगळुरूहून कुरियरने येतेच आहे अजून.